पाला कुजवतो कोण?

२०१८ च्या जूनमध्ये दिल्लीतल्या सरोजिनी नगरात माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या, बसक्या क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती बांधायच्या होत्या. नौरोजी नगर, नेताजी नगर धरून सात वसाहतींचा हा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला होता, आणि त्यापायी जाणाऱ्या झाडांचा बोलला जाणारा आकडा १४ हजारांच्या वर होता. २५ जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने झाडतोड तूर्त थांबवायला सांगितली. पुढच्या वादात झाडांची संख्या मोजली गेली, सावली मोजली गेली, तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपे लावायच्या नियमाचा हिशेब झाला. झाडाखालच्या मातीचा विषय मात्र क्वचितच निघाला.

खरे तर रोप लावून भरून न निघणारी गोष्ट तीच आहे. या वसाहती १९५० च्या दशकातल्या. तेव्हा या भागाला विनय नगर म्हणत. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आलेली कितीतरी मराठी कुटुंबेही अशाच क्वार्टर्समध्ये राहिली. पन्नास-साठ वर्षे एका जागी उभ्या असलेल्या कडुनिंबाखाली किंवा जांभळाखाली दरवर्षीच्या पानगळीवर एक वस्ती पोसली जाते. तिथल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हजारो जातींचे. बुरशीचे तंतू सरळ केले तर ग्रॅमभर मातीत शेकडो मीटर भरू शकतात. गंमत अशी, की एवढी लोकसंख्या असूनही मातीच्या कणांच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का भाग त्यांनी व्यापलेला असतो. बाकी सगळे ओसाड. आणि बहुतेक रहिवासी बहुतेक काळ निद्रिस्त असतात, खाणे येईपर्यंत.

खाणे येते ते निकृष्टच. पान टाकण्याआधी झाड त्यातले साधारण निम्मे नत्र आणि स्फुरद परत ओढून घेते. खाली पडतो तो कर्बाने भरलेला आणि नत्राला महाग असा सांगाडा. त्यातले उरलेसुरले नत्र कोणाच्या हाती लागते, किती दिवस अडकून राहते आणि कधी सुटते, यावर वरच्या झाडाचे पोषण ठरते. ‘पाला कुजला’ असे आपण दोन शब्दांत म्हणतो; त्या दोन शब्दांत भांडणे, चोऱ्या, शिकारी आणि थोडी भागीदारी असे बरेच काही दडलेले असते. गेल्या शंभर वर्षांत मृदाशास्त्र जे शिकले त्याचा मोठा भाग या संबंधांविषयीचा आहे.

आधी येतात ते घाईचे पाहुणे. पानातली साखर आणि विरघळणारी प्रथिने काही दिवसांत संपतात. जिवाणू आणि झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी ती फस्त करतात. मग सेल्युलोजची पाळी. ते तोडायला खास विकरे लागतात आणि त्यात ट्रायकोडर्मासारख्या बुरशी पटाईत. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे सडू लागले, त्या शोधातून ट्रायकोडर्माचा जो वाण हाती लागला त्याच्या वंशजांकडून आज कारखाने सेल्युलेज विकर मिळवतात. जीन्सच्या कापडाला मऊपणा आणि विटका रंग देण्यासाठी हेच विकर वापरतात. सरोजिनी नगरच्या बाजारात एक्स्पोर्टच्या उरलेल्या मालाच्या ढिगातून जीन्स उपसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात, कळत नकळत, कुजण्याच्या प्रक्रियेचाच एक तुकडा असतो. सर्वांत शेवटी उरते लिग्निन. त्याला पुरे पडणारे फार थोडे. लाकूड पांढरे पाडून कुजवणाऱ्या बुरशी त्यात सर्वांत पुढे.

ही विकरे शरीराबाहेर सोडावी लागतात, आणि भांडणाचे मूळ तिथेच आहे. सेल्युलोजचा रेणू पेशीत मावत नाही. बाहेरच तोडायचा आणि सुटलेली साखर शोषून घ्यायची. पण सुटलेली साखर कोणाच्या नावाची नसते. शेजारी बसलेला जिवाणू एकही विकर न बनवता ती पळवतो. या फुकट्यांवर स्टीव्हन अ‍ॅलिसन यांनी २००५ मध्ये गणिती प्रारूप मांडले: फुकटे वाढले की विकर बनवणाऱ्यांना परवडेनासे होते आणि कुजण्याचा वेग घसरतो. मात्र माती म्हणजे ढवळलेले पाणी नव्हे. साखर दूरवर पसरत नाही, म्हणून बनवणाऱ्याला आपल्या मेहनतीचा बराचसा भाग मिळतो. मातीची कणीदार, छिद्राछिद्रांची रचना अशा रीतीने चोरीला आळा घालते.

दुसरा उपाय मारामारीचा. सेल्मन वॅक्समन हे मुळात ह्यूमसचे अभ्यासक. मातीतले अ‍ॅक्टिनोमायसिट्स शेजाऱ्यांना कसे मारतात हे पाहता पाहता त्यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हॅमायसिन हे बुरशीनाशक स्थानिक मातीतल्या जिवाणूचे उत्पादन, आणि त्या जिवाणूचे शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्याला ते औषध. मातीत ते बुरशीच्या तोंडचा घास काढून घेण्याचे हत्यार. ट्रायकोडर्मा तर दुसऱ्या बुरशींच्या तंतूंना विळखा घालून त्यांनाच खातो. शेतकरी मर रोगावर तो वापरतात ते या गुणामुळे.

आता हिशेबाकडे. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण आठ भाग असतात. खाल्लेल्या कर्बातला अर्ध्याहून जास्त श्वासात उडून जातो, म्हणून अन्नात हे प्रमाण २४-२५ च्या आसपास असले की त्याचे भागते. गव्हाच्या काडात ते ८० च्या घरात. मग कमी पडणारे नत्र सूक्ष्मजीव कुठून आणतात? मातीतून. पिकाच्या तोंडासमोरून. काड किंवा पाचट गाडलेल्या रानात पीक सुरुवातीला पिवळे पडते ते त्यामुळे. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजवायचा सल्ला महाराष्ट्रात वर्षानुवर्षे दिला जातो, त्यात टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू असे माप आहे. यातला युरिया उसासाठी नाही. तो सूक्ष्मजीवांची भूक भागवून उसाला वाचवण्यासाठी आहे. बरेच जण जिवाणूंचे पाकीट आणतात आणि युरिया वाचवतात. उलटे केले तरी एकवेळ चालेल.

अडकलेले नत्र सुटते कसे, याचे उत्तर बराच काळ अर्धवट होते. जिवाणू मरतात आणि नत्र सुटते, इतकेच. स्वीडनच्या मारियान क्लारहोल्म यांनी १९८५ मध्ये दाखवले की मध्ये एक शिकारी आहे. मुळे साखर पाझरतात, त्यावर जिवाणू वाढतात, अमीबासारखे आदिजीव त्यांना खातात. खाणाऱ्याला जिवाणूतले सगळे नत्र लागत नाही, उरलेले तो अमोनियाच्या रूपात टाकतो आणि ते मुळाला मिळते. सूत्रकृमीही हेच करतात. सूत्रकृमी म्हटले की डाळिंब आणि टोमॅटो उत्पादकांच्या कपाळावर आठी येते, पण मातीतल्या कितीतरी जाती मुळांना तोंडही लावत नाहीत. त्या जिवाणू आणि बुरशीच खातात. नुसते जिवाणू असलेली माती ही कुलूपबंद तिजोरी असते. ती उघडायला खाणारे लागतात.

सुटलेल्या अमोनियाचे नायट्रेट होते तेही हातोहात. एक जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट. विनोग्राड्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली ही कामाची वाटणी शतकभर अढळ मानली गेली. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा गटातले असे जिवाणू सापडले जे दोन्ही कामे एकट्याने करतात, आणि पाठ्यपुस्तके दुरुस्त करावी लागली. या साखळीत भारताने जी पाचर मारली ती कडुनिंबाची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे लोक जिला ‘पुसा’ म्हणतात तिथे, राजेंद्र प्रसाद आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले की निंबोळीतली द्रव्ये पहिल्या जिवाणूला रोखतात, त्यामुळे युरियातले नत्र पाण्याबरोबर वाहून जाण्याआधी जास्त दिवस टिकते. २०१५ पासून देशातला युरिया सरसकट निमलेपित झाला, त्यामागे हे काम आहे. सरोजिनी नगरच्या कडुनिंबाखाली साचणाऱ्या पाल्यातून त्याच कुळातली द्रव्ये मातीत झिरपत असणार.

या विषयातला सर्वांत रंगलेला वाद ज्या नावाने ओळखला जातो ते नाव वाचून मराठी वाचक थबकेल: ‘गाडगीळ परिणाम’. रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या वनसंशोधन संस्थेत काम करत. पाइनच्या लागवडीत त्यांनी काही जागी मुळे तोडून वेगळी केली. अपेक्षा अशी असेल, की जिवंत मुळे आणि त्यांच्याबरोबरची मायकोरायझा बुरशी असेल तिथे पाला लवकर कुजेल. झाले उलटे. मुळे तोडली तिथे पाला जास्त वेगाने गेला. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडले, १९७५ मध्ये पुन्हा सविस्तर. त्यांचा तर्क असा, की झाडाकडून आयती साखर मिळणारी मायकोरायझा बुरशी पाल्यातले नत्र आणि स्फुरद ओढून घेते आणि कुजवणाऱ्या बुरशींना उपाशी ठेवते. काम मंदावते, पाला साचतो, कर्ब जमिनीत अडकून राहतो.

पुढच्या चार-पाच दशकांत कोणाला हा परिणाम दिसला, कोणाला दिसला नाही, काहींना चक्क उलटा दिसला. पाणी हे कारण असेल असे कोणी म्हणाले: मुळे पाणी ओढतात, पाला कोरडा पडतो. आज बहुतेकांचे मत असे, की परिणाम खरा आहे, पण जागा, झाड आणि पाल्याचा कस पाहून. लिग्निनने भरलेल्या पाइनच्या पानांखाली तो जास्त दिसतो. दिल्लीच्या रस्त्यांवरची कडुनिंब, जांभूळ, बहावा ही झाडे वेगळ्या प्रकारच्या मायकोरायझाशी नाते जोडतात; ती बुरशी मुळाच्या पेशीत शिरते, स्फुरद आणून देते, पण पाला कुजवायची हत्यारे तिच्याकडे जवळपास नसतातच. म्हणून पाइनचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणणे धाडसाचे. हिमाचलच्या देवदाराला ते लागू पडतील, चाणक्यपुरीच्या फुटपाथला नाही.

कडुनिंबावरचे काम जिथे झाले त्या पुसाचे मूळ गाव बिहारातले. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत ढासळली आणि संस्था १९३६ मध्ये दिल्लीला आली, नाव मात्र बरोबर घेऊन. बिहारातल्या त्या पुसात एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमारास कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचा अभ्यास केला. भारतात रायझोबियमच्या कामाची सुरुवात तिथून मोजतात. अल्बर्ट हॉवर्डही तिथलेच. १९२४ मध्ये ते होळकरांच्या इंदूरला आले आणि यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत, पण जगाला हॉवर्ड आठवतात. वाड रसायनाचे जाणकार होते, आणि पद्धतीचा गाभा रसायनाचाच आहे: सुरुवातीला कर्ब-नत्राचे प्रमाण ३३ च्या आसपास साधायचे, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख थरांत घालायची, तीनदा उलथायचे, तीन महिन्यांत खत तयार. आधी बुरशीचा अंमल, मग जिवाणूंचा, हा क्रम त्यांनी डोळ्यांनी टिपला होता. उलथणे म्हणजे दुसरे काही नाही, ढीग नीट मिसळायचा आणि हवा आत घालायची.

हेच तत्त्व यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांत बांधले. नाडेप काका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थांचे टाके १० बाय ६ फुटांचे आणि ३ फूट उंच, भिंतींत मुद्दाम ठेवलेली भोके. शेण फक्त शंभरेक किलो. काडीकचरा त्याच्या चौदापट, आणि माती त्याहूनही जास्त. उलथण्याचे कष्ट नकोत म्हणून भोके. ज्या घरात एखादेच जनावर उरले आहे त्याला परवडेल असे हे गणित आहे, आणि ते बसवणारा माणूस प्रयोगशाळेत नव्हता.

आता बाटल्या आणि कॅप्सूल. पंजाब-हरियाणातले काड जळू लागले की दिल्लीचा श्वास कोंडतो, म्हणून पुसाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने निवडक बुरशींचे ‘पुसा डिकंपोजर’ बनवले. चार कॅप्सूल, गूळ आणि बेसन घालून २५ लिटर द्रावण वाढवायचे. एका हेक्टरला पुरते. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्ली सरकारने नरेला भागातल्या शेतांपासून त्याची फवारणी सुरू केली. गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्राने वेस्ट डिकंपोजर वीस रुपयांच्या बाटलीत विकायला काढले. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात शेण-गोमूत्राबरोबर पुन्हा गूळ आणि बेसनच, वर बांधावरची मूठभर माती. सरकारी प्रयोगशाळा आणि तिच्यावर टीका करण्यात हयात घालवलेला अमरावतीचा शेतकरी, दोघांचा सल्ला वाणसामानाचाच आहे याची नोंद घ्यायला हवी.

चालते का हे? गूळ-बेसनावर वाढलेले कोट्यवधी जीव रानात पडतात तेव्हा तिथे आधीच राहणारे मूळ रहिवासी असतात, भुकेलेले आणि हत्यारबंद. बाहेरून आलेल्यांतले बहुतेक काही आठवड्यांत हटतात. सूक्ष्मजीवशास्त्रातला हा जुना, वारंवार आलेला अनुभव आहे. वाफसा असेल, काड बारीक होऊन मातीत मिसळले असेल, नत्र जोडीला असेल, तर कुजणे वेगाने होते. पण तेव्हा बाटलीशिवायही ते बऱ्यापैकी होते. भात कापणी आणि गहू पेरणी यांच्यातल्या दोन-तीन आठवड्यांत कोरड्या रानावर नुसती फवारणी करून काड गायब होईल, ही अपेक्षा जाहिरातीची. बाटली निरुपयोगी नाही. ताज्या ढिगात, जिथे स्थानिक वस्ती अजून बसलेली नसते, तिथे तिचा उपयोग दिसतो. मोकळ्या रानात तिच्याकडून चमत्कार मागणे गैर.

शहरात तर अडचण जिवाणूंच्या कमतरतेची नाहीच. बुंध्यापर्यंत काँक्रीट आले की हवा आणि पाणी दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढायला सांगितले, २०१५ मध्ये उघड्यावर पाला-कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंड लावला. पाला जाळला की नत्राचा मोठा भाग हवेत जातो. गाडीत भरून कचरा-डोंगरावर नेला की तिथे हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. दोन्ही वाटांनी झाडाने वर्षभर जमवलेले झाडाखालून जाते. सरोजिनी नगरच्या बाबू मार्केटातला भाजीपाल्याचा कचरा नत्राने भरलेला आणि ओला, वसाहतीतला पाला कर्बाने भरलेला आणि कोरडा. हे दोन्ही एकमेकांत मिसळणे यापलीकडे मोठे तंत्र लागत नाही. पण दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांतून जातात.

महाराष्ट्रात वाद वेगळ्या टोकाला रंगला आहे. कोल्हापूरचे ऊस उत्पादक प्रताप चिपळूणकर नांगरणी सोडून खोडक्या आणि मुळे रानातच कुजू देतात. त्यांचे म्हणणे असे, की शेणखतासारखे लवकर कुजणारे पदार्थ पिकाला खाऊ घालतात, पण जमिनीची कणीदार रचना घडते ती मुळे-खोडक्यांसारख्या चिवट पदार्थांवर पोसणाऱ्या बुरशींमुळे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांचा सल्ला जवळपास उलट टोकाचा: कंपोस्ट हे उष्टे अन्न, जिवाणूंना थेट साखर, हिरवा पाला असे कसदार, पचायला सोपे अन्न थोडेसे द्या, ते वाढतील आणि मातीतल्या खनिजांतून पोषकद्रव्ये मोकळी करतील. हिरवळीचे खत पडताच सुस्त जीव जागे होऊन जुना सेंद्रिय साठाही खाऊ लागतात, हे १९२६ मध्ये लोनिस या शास्त्रज्ञाने पाहिले होते आणि त्यावर आजही प्रयोग चालतात. म्हणजे कर्वे यांच्या सल्ल्याला आधारही तिथेच आहे आणि धोकाही.

अलीकडच्या मापनांनी या वादात तिसराच पक्ष उभा केला आहे. शेतजमिनीत टिकून राहिलेल्या सेंद्रिय कर्बाचा निम्म्याच्या आसपास भाग वनस्पतीच्या अवशेषांचा नसून मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरांचा आहे, असे अंदाज निघाले आहेत. पचायला सोपे अन्न शरीरात जास्त रूपांतरित होते, आणि ती मेलेली शरीरे चिकणमातीच्या कणांना चिकटून टिकतात. हे चिपळूणकरांच्या मांडणीला छेद देते. पण मुळे जागेवरच, मातीच्या कणांना खेटून कुजावीत हा त्यांचा आग्रह मात्र त्यातून बळकटच होतो. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती या अवशेषांना घट्ट धरते, यमुनेच्या गाळाची हलकी दुमट माती तितके धरत नाही. एकच पाचट, एकच जिवाणू आणि तेवढाच युरिया काळ्या मातीच्या शिरोळला आणि गाळाच्या नरेल्याला घातला तर दहा वर्षांनी मातीत उरणारा कर्ब सारखा नसेल.